पुलापलीकडच्या ज्येष्ठांची सोय

४ जून

प्रिय ताई,

काल तुला फोन केला. मी म्हणालो, "मला समितीवर घेतलंय," आणि तू विचारलंस, "कुठला मिस्त्री?" तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा समोरच्या घरातला माणूस खिडकीतून डोकावला. तुझे कान आणि माझा घसा, दोघांच्या भल्यासाठी पुन्हा आपलं पत्रच बरं.

तर, समिती. नगरपालिकेने 'ज्येष्ठ नागरिक सेवा नियोजन समिती' नेमली आहे आणि नगराध्यक्षबाईंनी स्वतः माझं नाव सुचवलं. "आयुष्यभर स्टेशनमास्तर होतात, वक्तशीर माणूस हवाय," म्हणाल्या. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच आज सकाळी दाढी करताना मला घाई झाली. हिला म्हटलं, डबा दे. ती म्हणाली, बैठक दोन तासांची आहे. तरी घेतला.

मुख्य काम म्हणजे नवं समाजकेंद्र. बाजाराला लागून बर्फाचा जुना कारखाना होता ना, त्या जागेवर. वाचनाची खोली, व्यायामाची खोली, आठवड्यातून दोनदा डॉक्टर, आणि नुसत्या गप्पा मारायला एक मोठं दालन. आराखड्यात त्याला 'संवाद कक्ष' म्हटलंय. शिवाय 'एकाकी ज्येष्ठांना नियमित भेटी' असं एक कलम आहे, ते मी आग्रहाने घालायला लावलं. एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे आठ-आठ महिने कुणी फिरकत नाही ताई, वाईट वाटतं.

तुझ्याकडे यायचं हिवाळ्यापासून मनात आहे. पण आता ही समिती.

तू हॉस्पिटलात जन्म काढलास. काही सूचना असतील तर कळव. योग्य ठिकाणी मांडीन.

तुझा
धाकटा


११ जून

प्रिय धाकट्या,

अभिनंदन. मिस्त्री असता तर माझ्या न्हाणीघराची गळती तरी थांबली असती, पण समितीही चालेल.

भेटींचं कलम आवडलं. कुणी आलंच तर तुझं नाव सांगेन.

सूचना विचारल्यास म्हणून लिहिते. गिरणी बंद पडल्यापासून आमच्या वसाहतीतली पोरं एकेक करत निघून गेली. घरं उरली आणि आम्ही. पण सकाळी नऊची बस आहे, म्हणून आमचं बरं चाललंय. शिंपी आहे ना माझ्या शेजारचा, तो दोन काठ्या घेऊन चढतो. त्याला वर ओढेपर्यंत कंडक्टरबाई ड्रायव्हरला बस हलवू देत नाही. कोपऱ्यावरच्या घरातली शिक्षिका, तीही माझ्यासारखीच एकटी, खिडकीची जागा धरून बसते आणि सगळ्यांना शुद्धलेखन शिकवते. एखादा दिसला नाही की परतल्यावर कुणीतरी त्याचं दार वाजवतंच. मागे एकजण असाच पडलेला सापडला, वाचला. तेव्हा तुमचा संवाद कक्ष आमच्याकडे आधीच आहे. फक्त त्याला चाकं आहेत.

मी आठवड्यातले पाच दिवस त्याच बसने जाते. भाजी, वाचनालय, आणि हॉस्पिटलात जुन्या मैत्रिणींकडे.

सूचना एवढीच. थांब्यावर बसायला काही नाही. एक बाक टाका. साधं, पाठ टेकता येईल असं.

ताई


३० ऑगस्ट

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला, कारण सर्वेक्षण चालू होतं. कल्पना माझीच. ज्येष्ठांना काय हवं ते ज्येष्ठांनाच विचारा, असं मी म्हटलं आणि सगळ्यांनी टेबलं वाजवली.

नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात खुलं निमंत्रण दिलं. लिफ्ट बंद होती, तरी अर्धं सभागृह भरलं, यावरून उत्साह लक्षात घे. प्रत्येकाला विचारलं, केंद्रात कसे याल? जवळजवळ सगळे म्हणाले, चालत. काहीजण सायकलने. बसचं नाव एकानेही काढलं नाही. आम्ही थक्कच झालो. आपल्या गावातले म्हातारे आपण समजतो त्याहून कितीतरी धडधाकट आहेत.

त्यामुळे परवा, एक तारखेपासून, पुलापलीकडची बस बंद होतेय. ठराव वाहतूक खात्याचा, अनुमोदन माझं. घाबरू नकोस, बदल्यात नवी योजना आहे: 'एक फोन, गाडी दारात'. नुसतं फोनवर बोलायचं की गाडी हजर. तुला तसाही फरक पडणार नाही. हल्ली तू फारशी बाहेर पडत नाहीस. आमच्याकडे तर आलेलीच नाहीस.

तुझी बाकाची सूचना मी मांडली होती. थांबाच राहणार नसल्यामुळे ती आपोआप निकाली निघाली.

वास्तुविशारद तरुण आहे, केसांचा बुचडा बांधतो, पण नम्र आहे. प्रवेशद्वार इतकं रुंद ठेवलंय की दोन व्हीलचेअर एकमेकींना न लागता जातील.

तुझा
धाकटा


७ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र तीन तारखेला मिळालं. बस एक तारखेला गेली होती. तुझ्या स्टेशनात गाडी सुटल्यावर घंटा वाजवायचे का?

आम्ही सगळे थांब्यावर उभे होतो. शिंपी म्हणाला, "बाईंना आज उशीर झाला." शिक्षिका म्हणाली, "बाईंना उशीर होत नाही." मग ऊन चढलं. उभं राहवेना तेव्हा शिंपी रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसला आणि त्याला उठवायला आम्ही तिघी लागलो. रविवारी कंडक्टरबाई स्वतःहून सांगायला आली, डोळे पुसत. म्हणाली, सूचना एक तारखेला बसच्या आत चिकटवली. बस डेपोत उभी आहे. ज्याला वाचायची असेल त्याने तिथे जावं.

मग तुझी योजना करून पाहिली. मला ऐकू येत नाही म्हणून शिंप्याने फोन लावला. आतली बाई म्हणाली, प्रवाशानेच बोलायला हवं, नियम आहे. त्याने फोन माझ्या हातात दिला. ती काहीतरी विचारत गेली, मी "हो हो" म्हणत गेले. गाडी आली, खोटं कशाला बोलू. दारातच आली. आणि मला थेट डोळ्यांच्या दवाखान्यात नेऊन सोडलं. मला बाजारात जायचं होतं. डॉक्टर म्हणाले, या वयात इतकी स्वच्छ नजर क्वचित दिसते. भाजी मात्र राहिली.

आता चालत जाते. पुलावरचा फुटपाथ उखडलाय, तेवढं तुमच्या कुठल्यातरी समितीच्या कानावर घाल.

मी बाहेर पडत नाही हे तुला कुणी सांगितलं? जूनचं पत्र पुन्हा वाच.

ताई


२० ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

दोनच ओळी. महिनाभर पत्र नाही म्हणून काळजी करू नकोस, केली असशील तर. हात जरा आखडलाय. अक्षराकडे बघू नकोस. बाकी ठीक.

ताई


२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र बघून चर्रर्र झालं. काय ते अक्षर! ओळी डोंगर चढल्यासारख्या, 'काळजी'तला 'ळ' तर उताणा पडलाय. तुझे हॉस्पिटलातले तक्ते छापल्यासारखे असायचे. नजर गेली असेल तर आधी चष्मा बदल. नव्या केंद्रात तपासणी मोफत आहे.

मला राहवलं नाही. तुझ्या मुलाला पत्र टाकलं. लिहिलं की आई आता थकली, बाहेर पडत नाही, लिहिताना हात थरथरतो, एकटं ठेवणं बरं नव्हे. त्याचं लगेच उत्तर आलं. तिकडे त्याच्या शहरात वृद्धांसाठी एक उत्तम निवास आहे, लिफ्ट, बाग, सगळं. तो तुझ्याकडे येऊन सविस्तर बोलणार आहे. रागावू नकोस. आपण मोठ्यांनीच आता लहानांचं ऐकायला शिकलं पाहिजे.

आता आनंदाची बातमी. केंद्राचं उद्घाटन एक डिसेंबरला. थोर पाहुणे येणार आहेत, पण फीत कुणा ज्येष्ठ स्त्रीच्या हातून कापावी असं ठरलं. मी तुझं नाव सुचवलं. निम्मं गाव तुझ्या हातात जन्माला आलंय, नगराध्यक्षबाईसुद्धा. एकमताने मंजूर! तुझ्यासाठी खास गाडी पाठवतोय.

तुझा
धाकटा


१४ नोव्हेंबर

धाकट्या,

हे पत्र डाव्या हाताने लिहिलंय, मागचंही. उजवा मनगटापासून प्लास्टरमध्ये आहे. पुलावर, उखडलेल्या फुटपाथवर, भाजीची पिशवी घेऊन पडले. समितीच्या कानावर घाल म्हटलं होतं, त्याच जागी. शिक्षिकेने आपला दुपट्टा फाडून हात बांधला आणि एका टेम्पोला थांबवलं. हाड मोडलं म्हणून ळ उताणा पडला, डोकं शाबूत आहे. तुला कळवलं नाही, कारण तू माझ्या मुलाला कळवशील हे मला माहीत होतं. नाही कळवलं तरी कळवलंसच.

तो येऊन गेला. दोन दिवस होता. गुणी पोरगा आहे, माझ्या घरात पाहुण्यासारखा दबकत वावरला. भिंतीला हात लावून ओल बघितली. त्या निवासाचं चकचकीत पुस्तक टेबलावर पसरलं. बागेचा फोटो होता, बागेत तीन म्हाताऱ्या तीन बाकांवर बसल्या होत्या, तीन दिशांना तोंडं करून. मी म्हटलं, "इथे सकाळी कुठे जातात?" तो म्हणाला, "आई, इथे कुठे जायची गरजच नाही." त्याला वाटलं, ही चांगली गोष्ट आहे. त्याने डिसेंबरअखेर माझं उत्तर मागितलंय. म्हणजे माझा होकार मागितलाय.

रागावले नाही म्हटलं तर ते खोटं होईल. चार वाक्यांत तू माझं घर मोडायला काढलंस, आणि चारही वाक्यं पुलाच्या त्या बाजूला बसून लिहिलीस.

फीत कापायला येईन. कात्री डाव्या हाताने चालते. पण तुझी खास गाडी नको. आमच्या वसाहतीतली बाकीची माणसं तुझ्या केंद्रात जशी येणार आहेत, तशीच मी येईन. तुझ्या सर्वेक्षणातच आहे ना, जवळजवळ सगळे चालत.

ताई


२५ नोव्हेंबर

ताई,

हाताचं वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तू रागाव, हवं ते बोल, पण चालत येऊ नकोस. पुलावर एकाच बाजूने वाहतूक सोडताहेत. पाहुण्यांना पुढे दुसरा कार्यक्रम आहे, त्यांच्याकडे फार वेळ नाही. गाडी साडेनऊला तुझ्या दारात उभी राहील. माझं एवढं ऐक. नगराध्यक्षबाईंना मी शब्द दिलाय.

धाकटा


५ डिसेंबर

चि. भाच्यास,

तुला मागे जे लिहिलं होतं त्यातलं एकही वाक्य खरं नव्हतं, हे आधी सांगतो. आता एक तारखेला काय झालं ते ऐक, म्हणजे आईला कुठे ठेवायचं ते तू ठरवणार नाहीस.

सगळी तयारी चोख होती. मांडव, खुर्च्या, लाल फीत, तबकात कात्री. दहा वाजले, तुझी आई नाही. गाडी नाही. पाहुणेही नाहीत. सव्वादहाला नगराध्यक्षबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला स्टेशनातली एक जुनी गोंधळाची रात्र आठवली. मी मांडवातून निघालो आणि पुलाकडे चालू लागलो. गाडी कुठे अडकली ते बघायला फलाटाच्या टोकापर्यंत जायची सवय आहे मला.

पुलावर काय पाहिलं सांगू? पुढे शिंपी, दोन काठ्यांवर. चार पावलं टाकायचा आणि थांबून नदीकडे बघायचा, जणू नदी बघायलाच थांबलाय. त्याच्या बाजूला तुझी आई, गळ्यात हात अडकवलेला, इस्त्रीची पांढरी साडी. मागे शिक्षिका, एका म्हाताऱ्याची व्हीलचेअर ढकलत. त्यांच्या मागे सगळी वसाहत. फुटपाथवरून चालता येत नाही, म्हणून रस्त्याच्या मधून. त्यांच्या मागे मी पाठवलेली खास गाडी, रिकामी, कासवाच्या चालीने. आणि तिच्या मागे, हॉर्न वाजवत वाजवत थकलेली, पाहुण्यांची गाडी.

मी तुझ्या आईजवळ गेलो. म्हटलं, "ताई, गाडीत बस." तिने ऐकलं नाही. खरंच ऐकू आलं नसेल, किंवा आलं असेल. म्हणाली, "त्या आजोबांची खुर्ची धर, शिक्षिका दमलीय." मी धरली. फुटपाथ उखडला होता ती जागा आली तेव्हा तिने नुसतं बोट दाखवलं.

तेवढ्यात पाहुणे गाडीतून उतरून चालत पुढे आले. चिडलेले होते, पण म्हाताऱ्या माणसांपुढे चिडता येत नाही. शिंप्याला विचारलं, "आजोबा, बसने का नाही आलात?" शिंपी हसला. म्हणाला, "साहेब, बस होती. आमच्या सोयीसाठी बंद केली."

नगराध्यक्षबाई समोरून धावतच आल्या होत्या. हे त्यांच्या कानावर पडलं आणि मी कबूल करतो, एवढं हजरजबाबी माणूस मी पाहिलं नाही. क्षणभरही न थांबता म्हणाल्या, "नवी बस सोमवारपासून सुरू होतेय साहेब, आज तीच घोषणा आहे." आणि शिंप्याचा हात धरून त्या पुढे चालू लागल्या. कॅमेरे तिथेच होते. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर: 'ज्येष्ठांचा अपूर्व उत्साह, उद्घाटनाला पदयात्रेने'. फोटोत मी व्हीलचेअर ढकलतोय. खाली लिहिलंय, 'एक स्वयंसेवक'.

फीत आईने डाव्या हाताने कापली. एका फटक्यात.

सोमवारी बस आली. जुनीच आहे, रंग नवा. नाव 'केंद्र-जोड सेवा'. कंडक्टरबाई तीच.

तुझा
मामा


९ मार्च

प्रिय ताई,

तुझ्या मुलाचं पत्र आलं. निवासातली खोली त्याने सोडून दिली म्हणतो, आणि उन्हाळ्यात पोरांना घेऊन तुझ्याकडे येणार. हात कसा आहे? व्यायाम चुकवू नकोस.

इकडे केंद्राचा बोलबाला आहे. दारात माणसं मोजणारं यंत्र बसवलंय. रोज सकाळी बस आली की आकडा असा भराभर चढतो की बघत राहावं. गंमत म्हणजे संध्याकाळी तो उतरत नाही. यंत्राच्या मते तुमची सगळी वसाहत डिसेंबरात आत गेली ती अजून बाहेरच आलेली नाही. मी म्हटलं, यंत्रात काहीतरी बिघाड आहे. पण वास्तुविशारदाचे डोळे भरून आले. म्हणाला, "लोकांना इथून जावंसंच वाटत नाही." त्याला या कामाबद्दल पुरस्कार मिळतोय. संवाद कक्षात मात्र, मी जेव्हा जातो तेव्हा, कुणी नसतं.

एकच काळजी. तुमच्याकडून येणारी बस भरलेली असते, पण सकाळी तुम्हाला आणायला निघते तेव्हा जाताना पूर्ण रिकामी. वाहतूक खात्याच्या साहेबांनी काल तो रिकाम्या फेरीचा मुद्दा काढला. असे मुद्दे कुठे जाऊन पोचतात, ते आता मला माहीत झालंय. म्हणून मी ठरवलंय, रोज त्या फेरीत मीच बसणार. तिकीट काढून. एक तरी प्रवासी दिसला पाहिजे.

तुझा
धाकटा


१३ मार्च

प्रिय धाकट्या,

तुमचं यंत्र बिघडलेलं नाही. बस केंद्राच्या पुढच्या दारात थांबते. आम्ही तुमच्या त्या रुंद दारातून आत जातो, संवाद कक्षातून सरळ चालत मागच्या दाराने बाजारात उतरतो. तिथे तुम्ही यंत्र लावलेलं नाही, आणि परतीची बस आम्ही बाजारातूनच पकडतो. आधी आम्हाला मोठा वळसा पडायचा. वास्तुविशारदाला माझा आशीर्वाद सांग, रस्ता फार छान केलाय. त्याला बाकीचं सांगू नकोस, पोरगा आनंदात आहे.

परवा शिंपी मात्र आत दहा मिनिटं टेकला. म्हणाला, खुर्च्या वाईट नाहीत. बघू, कदाचित उद्या शिक्षिकाही टेकेल. असं हळूहळूच होतं, त्याला ठराव लागत नाही.

हात आता नीट वळतो. अक्षर बघ आणि सगळीकडे कळव.

कंडक्टरबाई सांगत होती, चार दिवस एक म्हातारा गृहस्थ पहिल्या बसने येतो, आमच्या थांब्यावर उतरतो, घड्याळ बघतो आणि आम्ही चढलो की आमच्याच मागे मागच्या सीटवर बसून परत जातो. मला वाटलंच होतं, ती पाठ ओळखीची आहे. थांब्यापासून माझं दार दिसतं. बस तिथे वीस मिनिटं थांबते.

बसचा प्रवासी म्हणून येतोस, तर ये बापडा, फेरी वाचव. पण त्या वीस मिनिटांत चहा भाऊ म्हणून पिऊन जात जा. उद्यापासून दोन कप ठेवते. मग पत्राला तिकीट लावायची गरज उरणार नाही, समोरासमोर ओरडता येईल.

ताई